गेममधल्या की बदलता येत नाहीत तेव्हा: पाणी कुठे मुरतंय ते कसं शोधायचं

माझ्या डाव्या हाताची करंगळी चार वर्षांपासून दुखते. टायपिंग करताना फारसं जाणवत नाही, पण एखादी की दाबून धरायची वेळ आली की दुसऱ्याच मिनिटाला ठणका सुरू होतो. आणि कॉम्प्युटरवरच्या बहुतेक ॲक्शन गेममध्ये पळायला डावी शिफ्ट दाबून धरायची, वाकून चालायला डावी कंट्रोल दाबून धरायची. दोन्ही कामं करंगळीच्याच वाट्याला. ज्या गेममध्ये या दोन की हलवता येतात तो मी तासन्‌तास खेळते. ज्यात हलवता येत नाहीत, त्यात शिरायचं म्हणजे आधी एक संध्याकाळ खटाटोप.

तो खटाटोप मी इतक्या वेळा केलाय की आता त्याचा एक क्रम ठरलाय. तो इथे लिहून ठेवते आहे. तुमचं कारण वेगळं असेल: कोणी डावखुरं असतं, कोणाच्या कीबोर्डाला नमपॅडच नसतो, कोणाला पंधरा वर्षं ॲरो कीवर खेळायची सवय असते. पण गाठ सोडवण्याची रीत सगळ्यांना तीच लागू पडते.

अडचण बहुधा अशी दिसते. सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोल्स’ असतं, पण तिथे नुसतं कीबोर्डाचं चित्र असतं, बदलायची सोय नसते. किंवा निम्म्या की बदलता येतात, पण मेनू, नकाशा आणि वस्तू उचलायची की तशीच राहते. किंवा सगळं बदलता येतं आणि दुसऱ्या दिवशी गेम उघडल्यावर सगळं मूळपदावर आलेलं असतं. मग आपण एखादं रीमॅपिंगचं, म्हणजे एका की-चं काम दुसरीला देणारं, सॉफ्टवेअर टाकतो. नोटपॅडमध्ये ते नीट चालतं, पण गेममध्ये ढिम्म काही होत नाही.

हा शेवटचा प्रकार समजला की बाकीचे आपोआप उलगडतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

की दाबल्यापासून गेमपर्यंत

आपण की दाबतो तेव्हा कीबोर्डातली चिप त्या की-च्या जागेचा एक क्रमांक पाठवते. विंडोज त्याला स्कॅनकोड म्हणून ओळखतं. त्यावरून ते ठरवतं की ही ‘डब्ल्यू’ नावाची की आहे. त्यानंतर सध्या निवडलेल्या भाषेच्या मांडणीप्रमाणे त्याचं अक्षर बनतं. म्हणजे एकाच दाबण्याची तीन रूपं झाली: जागा, की-चं नाव आणि अक्षर. गेम यांतलं कुठलंही एक ऐकत असतो. बरेच नवे गेम ‘रॉ इनपुट’ नावाच्या वाटेने, म्हणजे डिव्हाइसकडून येणारी माहिती जवळजवळ कच्च्या स्वरूपातच उचलतात.

रीमॅपिंगची साधनंही अशीच वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात. गेम ज्या टप्प्यावर ऐकतो त्याच्या पुढे जाऊन तुम्ही बदल केलात तर गेमला तो कळणारच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बदल नेहमी गेमच्या कानाच्या अलीकडे, म्हणजे कीबोर्डाच्या बाजूला व्हायला हवा. कुठलंही साधन निवडताना मी आता हा एकच प्रश्न आधी विचारते.

आधी कीबोर्ड निर्दोष आहे याची खात्री

गेमला दोष देण्याआधी पाच मिनिटं इथे घालवा. मी एकदा आख्खी संध्याकाळ एका गेमची फाइल उकरत बसले होते आणि कारण भाषेच्या बटणात निघालं.

मराठी टाइप करणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. विंडोजमध्ये दोन भाषा बसवलेल्या असतील तर डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की भाषा बदलते. गेममध्ये शिफ्ट पळायला आणि ऑल्ट हळू चालायला असेल तर खेळताखेळता ही जोडी कधीतरी दाबली जातेच. अक्षर ऐकणाऱ्या गेमला मग ‘डब्ल्यू’ऐवजी ऐकार मिळतो, ‘ए’ऐवजी ओकार, ‘एस’ऐवजी एकार आणि ‘डी’ऐवजी हलन्त, इनस्क्रिप्टमध्ये त्या चार की-वर हीच चिन्हं आहेत. खेळाडू जागच्या जागी थिजतो आणि आपल्याला वाटतं गेम बिघडला. उपाय सोपा: विंडोजच्या टायपिंग सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मधून भाषा बदलायचा हा शॉर्टकट काढून टाका. विंडोज की आणि स्पेस ही दुसरी जोडी भाषा बदलायला शिल्लक राहतेच. फ्रेंच मांडणी वापरणाऱ्यांची गोष्टही अशीच आहे. तिथे डब्ल्यूच्या जागी झेड आणि ए-च्या जागी क्यू असतो, त्यामुळे अक्षर ऐकणारा गेम त्यांच्या बोटांना गाठी मारतो. जागा ऐकणाऱ्या गेममध्ये हा त्रास मुळात होत नाही.

दुसरं, स्टिकी कीज, म्हणजे शिफ्ट-कंट्रोल धरून न ठेवता नुसती दाबून काम भागवणारी विंडोजची सोय. शिफ्ट पाच वेळा दाबली की तिची खिडकी उघडते आणि गेम मागे पडतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की फिल्टर कीज, म्हणजे चुकून झालेल्या दाबण्यांकडे दुर्लक्ष करणारी सोय, येते. ॲक्सेसिबिलिटीच्या कीबोर्ड विभागात जाऊन दोन्हींचे शॉर्टकट बंद करता येतात. ज्यांना या सोयी रोज लागतात त्यांनी सोय चालू ठेवून फक्त शॉर्टकट काढावा.

तिसरं, तीन-चार की एकत्र दाबल्यावर एक गळते. पळत, तिरकं जात उडी मारायची असते आणि उडी होत नाही. हा कीबोर्डाच्या आतल्या तारांच्या जाळीचा मर्यादितपणा आहे. स्वस्त कीबोर्डात उभ्या-आडव्या तारांच्या चौकोनातले तीन कोपरे दाबले गेले की चौथाही दाबल्यासारखा भासू शकतो, म्हणून चिप तिसरी की सरळ नाकारते. शिवाय यूएसबीच्या मूळ साध्या पद्धतीत एका वेळी सहाच की कळवता येतात. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट या त्या सहांत मोजल्या जात नाहीत. तपासायला विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि तुमची नेहमीची जोडी दाबून बघा. पडद्यावर जी की उजळत नाही ती गेमपर्यंतही पोचत नाही. अशा वेळी ती क्रिया जवळच्या दुसऱ्या की-वर हलवली की बरेचदा भागतं, कारण जाळीतला चौकोन बदलतो.

गेमच्या पोटातली फाइल

मेनूत सोय नसली म्हणजे गेममध्ये सोय नाही असं नसतं. बरेचदा मेनू बनवायचा राहून गेलेला असतो आणि आतली यंत्रणा तयार असते.

सगळ्यात उदार घराणं म्हणजे क्वेक हा गेम आणि त्यापासून निघालेली सोर्ससारखी इंजिनं (इंजिन म्हणजे गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर). तिथे की-ची सगळी जुळणी साध्या मजकुराच्या सीएफजी फाइलमध्ये असते आणि ‘बाइंड’ या एका शब्दाने कुठलीही की कुठल्याही क्रियेला बांधता येते. इथे थोडा इतिहास सांगावासा वाटतो. १९९६ साली क्वेक आला तेव्हा त्याची मूळ मांडणी ॲरो की-ची होती. खेळाडूंनी आपापल्या हाताला जमेल तशा मांडण्या फाइलमध्ये लिहून घेतल्या. डेनिस फाँग या खेळाडूने १९९७ ची मोठी स्पर्धा जिंकली, बक्षीस म्हणून गेमच्या मुख्य प्रोग्रामरची, जॉन कारमॅकची फेरारी मिळवली, आणि त्याच्या डब्ल्यूएएसडीच्या, म्हणजे डब्ल्यू, ए, एस, डी या चार की-नी चालण्याच्या, मांडणीची नक्कल इतरांनी सुरू केली. पुढच्या वर्षी आलेल्या हाफ-लाइफमध्ये तीच मांडणी मूळची म्हणून आली. आज जी मांडणी गेममध्ये खिळे ठोकून बसवलेली असते, ती रुळली यामागे की बदलायची मुभा असलेल्या खेळाडूंचा मोठा हात आहे. ती मुभाच आज कुठल्याकुठल्या गेममधून काढून घेतलेली दिसते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

अनरियल इंजिनवरच्या गेमची फाइल युजरच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये ‘लोकल’खाली गेमच्या नावाच्या फोल्डरात असते. तिथे ‘सेव्ह्ड’, मग ‘कॉन्फिग’, आणि आत ‘इनपुट’ नावाची आयएनआय फाइल. जुन्या पद्धतीच्या गेममध्ये या फाइलीत क्रियेचं नाव आणि की-चं नाव एका ओळीत लिहिलं की गेम ते मानतो. मात्र अनरियल ५.१ पासून ‘एनहान्स्ड इनपुट’ ही नवी पद्धत मूळची झाली आणि तिच्यात की-ची जुळणी गेमच्या बांधलेल्या फाइलींच्या आत गेली. नव्या गेममध्ये आयएनआय फाइल रिकामी दिसली किंवा त्यातल्या ओळींना गेम दाद देत नसेल, तर बहुधा हेच कारण. तिथे वेळ घालवू नका, पुढच्या उपायाकडे वळा.

युनिटी या इंजिनवरच्या जुन्या गेमसाठी एक विसरलेली युक्ती आहे. गेम सुरू करताना ऑल्ट दाबून धरा. पूर्वी युनिटीच्या गेमपुढे रिझोल्यूशन निवडायची एक छोटी खिडकी यायची आणि तिच्यात ‘इनपुट’ नावाचा दुसरा कप्पा असायचा. काही निर्माते ती खिडकी लपवून ठेवत, पण ऑल्टने ती उघडे. युनिटी २०१९.३ पासून ती काढून टाकली, त्यामुळे त्याआधीच्याच गेमवर हा प्रयोग करावा. त्या कप्प्यात बदललेल्या की कधीकधी गेमच्या स्वतःच्या मेनूत दिसत नाहीत, तरी चालतात.

कुठल्या गेमची फाइल कुठे असते, की किती प्रमाणात बदलता येतात, हे पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमगणिक नोंदवलेलं असतं. गेम घेण्याआधी मी तिथला इनपुटचा तक्ता पाहते. फाइलीला हात लावण्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवा.

गेमच्या बाहेरून

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज मोफत आहे आणि त्यातला कीबोर्ड मॅनेजर वापरायला सोपा आहे. पण तो मधल्या टप्प्यावर काम करतो. कीबोर्डाकडून थेट ऐकणाऱ्या गेमपर्यंत त्याचा बदल पोचत नाही, आणि गेमसाठी तो वापरू नये असं त्याच्या माहितीतच म्हटलेलं आहे. नोटपॅडमध्ये चालतं आणि गेममध्ये नाही, हा अनुभव बहुतेकांना इथेच येतो.

ऑटोहॉटकी जास्त ताकदीचं आहे. त्यात छोटी स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची फाइल, लिहावी लागते, पण फक्त एका गेमच्या खिडकीपुरता बदल ठेवता येतो, ही त्याची मोठी सोय. एरवी गेममध्ये बदललेली की चॅट लिहितानाही बदललेलीच राहते. ऑटोहॉटकी चालत नसेल तर दोन गोष्टी तपासा. गेम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालत असेल तर साध्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट त्याला की पाठवू शकत नाही. विंडोजच ती अडवतं, म्हणून स्क्रिप्टही त्याच अधिकाराने चालवा. दुसरी गोष्ट वेगाची. स्क्रिप्ट की दाबून निमिषात सोडते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा गेम मात्र सुमारे १७ मिलिसेकंदांतून एकदाच बघतो की कुठली की दाबलेली आहे. दोन बघण्यांच्या मधे दाबून सोडलेली की त्याला दिसतच नाही. स्क्रिप्टमध्ये की किमान ३० ते ५० मिलिसेकंद धरून ठेवायला सांगा. माझ्या निम्म्या ‘न चालणाऱ्या’ स्क्रिप्ट एवढ्यानेच चालू झाल्या.

याहून अलीकडचा, म्हणजे कीबोर्डाच्या जवळचा, टप्पा म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीतला (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे ठेवतं त्या साठ्यातला) ‘स्कॅनकोड मॅप’. हाताने लिहायला किचकट आहे, पण शार्पकीज नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर तो लिहून देतं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर बदल लागू होतो. इथे की-चा जागेचा क्रमांकच बदलतो, त्यामुळे बाकी काही चाललं नाही तिथेही माझ्याकडे हे चाललंय. तोटा असा की तो बदल सगळ्यांना, सगळीकडे, सतत लागू असतो. म्हणून इथे नेहमी अदलाबदल करा. कॅप्स लॉकला शिफ्ट बनवायचं असेल तर ठीक, कॅप्स लॉक गेल्याने फार बिघडत नाही. पण ‘ई’ची ‘एफ’ केलीत आणि ‘एफ’ची ‘ई’ करायला विसरलात तर ‘ई’ टाइप करायची सोयच राहणार नाही.

सगळ्यात अलीकडे म्हणजे खुद्द डिव्हाइसच्या आत. काही कीबोर्डांत क्यूएमके किंवा व्हीआयएसारख्या प्रणालीने की बदलता येतात, आणि बऱ्याच माउसमध्ये स्वतःची मेमरी असते. तिथे केलेला बदल गेमला ओळखूच येत नाही. त्याच्या लेखी तीच खरी की दाबलेली असते. मॅकवर कॅराबिनर-एलिमेंट्स आणि लिनक्सवर कीडी किंवा इनपुट रीमॅपर ही नावं शोधा. क्रम तोच.

दाबून धरायचं काम एका दाबण्यात

माझ्यासाठी हा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. की कुठली आहे यापेक्षा ती किती वेळ धरायची आहे, याने हात जास्त दुखतो. एक साधा ‘टॉगल’ पर्याय, म्हणजे एकदा दाबलं की पळणं सुरू, पुन्हा दाबलं की बंद, कितीतरी लोकांना खेळात ठेवू शकतो. काही गेम वाकण्यासाठी तो देतात आणि नेम धरण्यासाठी देत नाहीत. असं अर्धवट का, ते मला कधी समजलं नाही.

गेममध्ये टॉगल नसेल तर माझे तीन उपाय आहेत.

पहिला, काम दुसऱ्या बोटाला द्यायचं. माझ्या माउसच्या कडेला अंगठ्याजवळ दोन बटणं आहेत. माउसच्या सॉफ्टवेअरमधून पुढच्या बटणाला डावी शिफ्ट आणि मागच्याला डावी कंट्रोल दिली आणि ते माउसच्या मेमरीत साठवलं. तेव्हापासून करंगळीचं काम अंगठा करतो. धरून ठेवावंच लागतं, पण अंगठ्याला ते सोसतं. बारा बटणांचा माउस घ्यायची गरज नाही, दोन पुरतात.

दुसरा, ऑटोहॉटकीने टॉगल बनवायचा. कॅप्स लॉक दाबली की स्क्रिप्ट शिफ्ट दाबून ठेवते, पुन्हा दाबली की सोडते. यात एक खाच आहे. टॉगल चालू असताना ऑल्ट-टॅब करून बाहेर आलात तर शिफ्ट अडकून राहते आणि बाहेर सगळं कॅपिटलमध्ये उमटायला लागतं. खरी शिफ्ट एकदा दाबून सोडली की ती सुटते. पण स्क्रिप्टमध्येच ‘गेमची खिडकी समोर नसेल तर शिफ्ट सोड’ अशी ओळ घालून ठेवणं बरं.

तिसरा, पायाचं पेडल. यूएसबी पेडल कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच दिसतं, त्यामुळे त्यातली एक की शिफ्ट केली की झालं. बसायची पद्धत जमवायला मला आठवडा लागला. लांब पल्ल्याच्या गेममध्ये, जिथे तासभर नुसतं चालायचं-पळायचं असतं, तिथे याच्याइतका आराम कशातच नाही.

एकच की पंचवीस वेळा भराभर दाबायला लावणारे प्रसंगही असतात: दार उघडायचं, शत्रूच्या मिठीतून सुटायचं. आधी ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत ‘दाबून धरा’ असा पर्याय आहे का ते बघा, आता बऱ्याच गेममध्ये असतो. नसेल तर एकट्याने खेळायच्या गेममध्ये स्क्रिप्टने भराभर दाबायला माझी काहीच हरकत नाही.

ऑनलाइन सामन्यांत मात्र जपून. एका की-च्या जागी दुसरी की, ही साधी अदलाबदल झाली. एका दाबण्यात दोन क्रिया किंवा आपोआप होणारी क्रिया, हे स्वयंचलन झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ मध्ये अशा स्वयंचलनाला बंदी घातली, आणि काही नव्या कीबोर्डांतली ‘स्नॅप टॅप’सारखी सोयही (विरुद्ध दिशांच्या दोन की एकत्र दाबल्या तर शेवटचीच धरणारी) त्यात आली. ऑटोहॉटकी नुसतं मागे चालू दिसलं तरी काही अँटी-चीट, म्हणजे फसवणूक पकडणारी सॉफ्टवेअर, हरकत घेऊ शकतात. ऑनलाइन गेम उघडण्याआधी मी ते पूर्ण बंद करते आणि माउसच्या दोन बटणांवर भागवते.

रोज मूळपदावर जाणारी सेटिंग्ज

या तक्रारीत कारणं थोडीच असतात, पण ती एकमेकांसारखी दिसतात.

पहिला संशय क्लाउडवर. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा क्लाउड सेव्हबरोबर (खेळाच्या प्रगतीच्या नोंदीबरोबर) कधीकधी सेटिंगची फाइलही साठवतो. तुम्ही गेम बंद असताना फाइल बदलली आणि सुरू करताना क्लाउडवरची जुनी प्रत खाली उतरली, तर तुमचे बदल गेले. त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन क्लाउड तात्पुरता बंद करा, फाइल बदला, गेम उघडून बंद करा, खात्री झाली की क्लाउड पुन्हा चालू करा आणि विचारलं तर कॉम्प्युटरवरची प्रत ठेवा.

दुसरा संशय विंडोज सिक्युरिटीतल्या ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’वर. हे चालू असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डरात अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. बरेच गेम सेटिंग तिथेच लिहितात. गेम कुरकुर करत नाही, नुसतं लिहायचं राहून जातं. परवानगीच्या यादीत गेमची मुख्य फाइल घाला.

तिसरं कारण खुद्द गेम. काही गेम सुरू होताना आपली मूळ मांडणी फाइलीवर पुन्हा लिहितात. तिथे फाइल बदलून झाल्यावर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण करा. मग त्या फाइलीतली आवाज, चित्र वगैरे बाकीची सेटिंग्जही गोठतात, तेव्हा ती आधी मनासारखी करून घ्या. नवा अपडेट आल्यावर गेम सुरूच झाला नाही तर पहिल्यांदा ही खूण काढून बघायची.

पॅड वापरत असाल तर

पॅडवाल्यांचं, म्हणजे हातात धरायच्या गेम कंट्रोलरने खेळणाऱ्यांचं, दुखणं थोडं निराळं आणि औषध बरंच सोपं आहे. स्टीममधलीच सोय, स्टीम इनपुट. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कंट्रोलर’ भागात ते चालू करा. मग कुठल्याही बटणाला कुठलंही बटण, कीबोर्डाची की किंवा माउसची हालचाल देता येते. प्रत्येक बटणाला टॉगल आणि भराभर दाबणं हे पर्यायही आहेत, म्हणजे वर ज्यासाठी स्क्रिप्ट लिहिली ते इथे एका खुणेने होतं. स्टीमबाहेरचा गेमही लायब्ररीत जोडून घेता येतो.

एका दाबण्याला मेनू दोन ओळी उडी मारत असेल, तर गेम खरं पॅड आणि स्टीमने बनवलेलं आभासी पॅड असं दोन्ही ऐकतो आहे. गेमचा स्वतःचा पॅडचा आधार बंद करा, किंवा हिडहाइड या साधनाने खरं पॅड गेमपासून लपवा.

पॅड विंडोजला दिसतं आणि गेमला दिसत नाही, असं असेल तर पॅडची माहिती गेमपर्यंत नेणाऱ्या विंडोजच्या दोन पद्धतींपैकी गेम फक्त एक्सइनपुट जाणतो आणि पॅड जुन्या डायरेक्टइनपुटचं आहे, ही शक्यता सगळ्यात मोठी. स्टीम इनपुट त्यावरही चालतं. उलट जुन्या रेसिंग गेममध्ये नवं पॅड लावलं की ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबल्यावर दोन्ही एकमेकांना खोडतात. एक्सबॉक्सच्या पॅडचे दोन्ही ट्रिगर डायरेक्टइनपुटमध्ये एकाच अक्षावर दाखवले जातात, त्यामुळे एक उणे आणि एक अधिक. ब्रेक साध्या बटणावर हलवा.

कन्सोलवर तर हे यंत्राच्या सेटिंग्जमध्येच होतं. प्लेस्टेशन ४ ला बटणं बदलायची सोय २०१५ मध्ये मिळाली, निंटेंडो स्विचला एप्रिल २०२० मध्ये. गेमला पत्ताही लागत नाही.

डावखुऱ्यांचा माउस

माझा धाकटा भाऊ डावखुरा आहे, म्हणून हे मला माहीत. विंडोजमध्ये माउसची बटणं उलटी केली की डेस्कटॉपवर सगळं नीट होतं, पण गेममध्ये गेल्यावर काही ठिकाणी पुन्हा सुलटी होतात. कारण तेच जुनं: रॉ इनपुट ऐकणाऱ्या गेमला विंडोजची ही अदलाबदल कळत नाही. त्याहून विचित्र म्हणजे एकाच गेममध्ये मेनूत उलटी आणि लढाईत सुलटी. अदलाबदल माउसच्या आतल्या मेमरीत केली की दोन्हीकडे सारखं होतं. तसं केल्यावर विंडोजमधली अदलाबदल काढायला विसरू नका.

की-साठी तो आयजेकेएल वापरतो, कारण तिथे आजूबाजूला भरपूर की मिळतात. ॲरो की-भोवती मोकळ्या की फारच थोड्या.

काहीच चाललं नाही तर

बदललेल्या की-चं नाव पडद्यावर जुनंच दिसत राहतं, ‘ई दाबा’ असं. बाहेरून केलेल्या बदलात हे टळत नाही. मी पहिले दोन-तीन दिवस एका कागदावर नवी जुळणी लिहून मॉनिटरखाली चिकटवते, मग बोटांना पाठ होते.

एकाच की-वर चार क्रिया असतील, म्हणजे वस्तू उचलणं, बोलणं, दार उघडणं आणि गोळ्या भरणं, तर त्या वेगळ्या करणं बाहेरून शक्य नाही. गेमच्या आत त्या एकाच नावाने बांधलेल्या असतात. इथे फक्त गेम बनवणारेच काही करू शकतात.

म्हणून नवा गेम घेतल्यावर मी पहिली पंधरा मिनिटं गोष्टीत शिरतच नाही, कंट्रोल्सच तपासते. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. खटाटोपाचे दोन तास खेळण्यात मोजले जातात, हे ध्यानात असू द्या. फाइली उकरताना गेम बंद ठेवा.

आणि निर्मात्यांना कळवा. मी कळवते, आणि दोनदा पुढच्या अपडेटमध्ये बदल आलेला पाहिलाय. ‘कंट्रोल्स वाईट आहेत’ एवढ्याने त्यांच्या हाती काही लागत नाही. नेमकी क्रिया, आत्ताची की, ती का जमत नाही आणि काय हवं, एवढ्या चार गोष्टी लिहा. माझं शेवटचं पत्र असं होतं: ‘पळण्यासाठी डावी शिफ्ट सतत धरावी लागते. करंगळीच्या सांध्याच्या दुखण्यामुळे मला ते पाच मिनिटांपेक्षा जास्त जमत नाही. वाकण्यासाठी तुम्ही टॉगल दिला आहे, तोच पळण्यासाठी द्यावा. शिवाय नकाशाची एम ही की मेनूत बदलता येत नाही, ती यादीत घ्यावी.’ गेम ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स या खुल्या मार्गदर्शिकेत की बदलण्याची सोय प्राथमिक पातळीवरच्या गोष्टींत धरलेली आहे, त्याचाही उल्लेख केला. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तो गेम मी अंगठ्याने खेळते आहे.